वाचकांचे प्रश्न: पश्चिमेची काच आणि मे महिना

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, काचेच्या बिल्डिंगबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर पाठवा म्हणून. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील, आली ढीगभर, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, काच निळी लावू की हिरवी? अहो, रंग सगळ्यात शेवटी. आधी बाजू कोणती ते पाहा, मग किती काच, मग कोणती, मग ती धरून ठेवणार कशानं आणि धुणार कोण, एवढं सगळं झाल्यावर रंग काय तो घरच्यांना विचारून ठरवा. मी बावीस वर्षं याच लाइनमधे आहे, काचेची एलेव्हेशनं केली, स्कायलाइट, म्हणजे छपरातल्या काचा, केले, मग गळणारे स्कायलाइट दुरुस्त पण केले, त्यातला एक तर माझाच होता, खाली सांगतो. पत्रं थोडी कापून घेतली आहेत.

प्रश्न (वर्धा रोड, नागपूर): सर, तळमजला आणि वर सहा मजले असं कमर्शियल कॉम्प्लेक्स बांधून राहिलो. रोड पश्चिमेला म्हणून फ्रंट पण पश्चिमेलाच. आर्किटेक्टनं वरपासून खालपर्यंत पूर्ण काच दाखवली आहे, गाळे घेणाऱ्यांना पण तेच आवडतं. एक ग्लेझिंगवाला म्हणतो सहा एमएमची निळी रिफ्लेक्टिव्ह सिंगल काच लावा, सगळे तेच लावून राहिले. दुसरा म्हणतो डबल ग्लास लावा, त्याचा भाव ऐकूनच घाम फुटला. डबल ग्लासनं खरंच फरक पडतो का, की नुसती विकायची गोष्ट आहे?

उत्तर: भाऊ, दोघांनीही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. नुसती डबल काच म्हणजे थंड काच नाही. साध्या सहा एमएमच्या पारदर्शक काचेतून उन्हाची साधारण ८२ टक्के उष्णता आत येते. तीच काच दुहेरी केली, मधे १२ एमएम हवा ठेवली, तरी ७० टक्के येतच राहते. मग पैसे कशाचे दिले? तर बाहेरच्या गरम हवेला अडवायचे, उन्हाला अडवायचे नाही. आता आपल्या मेचा हिशोब लावा. बाहेर ४५, आत २५, फरक २० अंशांचा, सिंगल काचेतून या फरकानं दर चौरस मीटरला ११०-११५ वॅट आत येतात. आणि दुपारी साडेचारच्या पुढे पश्चिमेच्या भिंतीवर जे सरळ ऊन पडतं ते असतं सहाशे वॅटच्या आसपास, त्याचे ८२ टक्के म्हणजे जवळपास पाचशे. आता तुम्हीच सांगा दुश्मन कोण आहे.

म्हणून तुम्ही विचारायचा आकडा वेगळाच आहे, त्याला एसएचजीसी म्हणतात, ०.८२ म्हणजे ८२ टक्के उष्णता आत, ०.२५ म्हणजे पाव. हा आकडा खाली येतो तो काचेवरच्या कोटिंगनं, आणि चांगलं सोलर कंट्रोल लो-ई कोटिंग, म्हणजे उष्णता अडवणारा अगदी पातळ थर, नाजूक असतं, उघड्यावर टिकत नाही, म्हणून ते दोन काचांच्या मधे लपवावं लागतं. डबल ग्लासची खरी गरज इथं आहे. हे तुमच्या दुसऱ्या ग्लेझिंगवाल्यानं सांगितलं नाही, कारण त्यालाही माहीत नसेल, किंवा तो कोटिंग नसलेलीच डबल काच देणार असेल.

इमारतींसाठीचा जो ऊर्जा कोड आहे, ईसीबीसी, १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त कनेक्टेड लोडच्या बिल्डिंगांसाठी लिहिलेला, त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत नागपूर कॉम्पोझिट, म्हणजे मिश्र, हवामानात धरलंय. त्यात उत्तर सोडून बाकी बाजूंना हा एसएचजीसी ०.२७ च्या वर नको असं आहे, उत्तरेला ०.५० पर्यंत चालतो. सोबत यू व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकानं काचेतून येणाऱ्या उष्णतेचा आकडा, ३ च्या आत, उजेड किमान २७ टक्के तरी आत यावा, आणि बाहेरच्या भिंतीत काच ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये. तुमचं चित्र तर ९० टक्के काचेचं दिसून राहिलं.

एक हजार चौरस फूट पश्चिमेची काच धरा. साधी काच लावली तर संध्याकाळच्या उन्हाला निपटायलाच साधारण १३ टन एसी लागेल, माणसं आणि कॉम्प्युटर वेगळे. ०.२७ वाली लावली तर सव्वाचार टन. म्हणजे पावणेनऊ टनांची मशीन, तिची केबल, तिची जागा आणि दर उन्हाळ्याचं बिल, हे सगळं त्या भावाच्या शेजारी मांडून पाहा, मग घाम पुसा. तुमची निळी सिंगल रिफ्लेक्टिव्ह मधे कुठंतरी अर्ध्यावर बसते, आणि तिचा एक गंमतशीर त्रास म्हणजे दिवसा बाहेरून आरसा असते पण रात्री आत लाइट लागले की उलटं होतं, रोडवरून सगळं ऑफिस दिसतं आणि आतल्याला फक्त स्वतःचं तोंड.

कोटिंग खरंच आहे की नाही ते साइटवर पाहता येतं. डबल काच उभी करा, संध्याकाळी बाहेरच्या बाजूनं तिच्यासमोर लायटर पेटवा आणि थोडं तिरकं होऊन पाहा. चार ज्योती दिसतील, दोन काचांच्या चार पृष्ठभागांच्या. त्यातली एक वेगळ्या रंगाची असते, थोडी गुलाबी किंवा हिरवट, ते कोटिंग. आपल्या हवेत ती बाहेरून दुसरी पाहिजे. चारही सारख्या दिसल्या तर तुम्हाला दोन साध्या काचा मिळाल्या आणि वरून गोड हसू मिळालं. तिसरी निघाली तर कोणीतरी युनिट उलटं बसवलंय, ते आताच फिरवून घ्या, सहाव्या मजल्यावर लागल्यावर कोणी फिरवत नाही.

पण खरं सांगू का, तुमच्या पश्चिमेला एवढी काच मी लावूच देणार नाही, कोणत्याही कोटिंगची. दक्षिणेचं ऊन सोपं असतं, डिसेंबरच्या भर दुपारी पण सूर्य ४५ अंशांवर असतो, दोन फुटांचा छज्जा काढला की काम होतं. पश्चिमेला मेमधे साडेचारला सूर्य फक्त ३० अंशांवर येतो, तुमच्या दोन फुटांच्या छज्जाची सावली खिडकीवर चौदा इंच पडेल, बाकी सगळी खिडकी भट्टीत. तिथं उभी पाती किंवा जाळी लागते, नाहीतर सरळ काच कमी करावी लागते. एक जुनी युक्ती आहे, बाहेरून पूर्ण काच दाखवायची आणि आतून कमरेपर्यंत आणि बीमच्या पट्ट्यात भिंत ठेवायची, भिंतीसमोरच्या काचेला स्पॅन्ड्रल म्हणतात, मागून रंगवलेली असते आणि भिंतीला इन्सुलेशन. गाळेवाल्याला पाहिजे ते काचेचं तोंड मिळतं आणि तुमचा चाळीस टक्क्यांचा हिशोबही बसतो. फक्त ती स्पॅन्ड्रल काच साधी घेऊ नका, मागे हवा कोंडून ती भयंकर तापते, टफन (तापवून झटक्यात थंड केलेली) किंवा हीट स्ट्रेंदन्डच (तशीच, पण जरा हळू थंड केलेली) पाहिजे. जिना, लिफ्ट, टॉयलेट पश्चिमेच्या कोपऱ्यात ढकलता आले तर आणखी बरं, पण स्लॅब पडले असतील तर राहू द्या.

आता अस्सल नागपुरी मुद्दा, कूलर. मोठा भाडेकरू सेंट्रल एसी चालवेल, पण तुमच्या वरच्या मजल्यांवर लहान-लहान ऑफिसं येणार, आणि त्यातले निम्मे जण एप्रिलमधे ताट्या बदलून कूलर लावणारच. कूलरला आत आलेली हवा बाहेर जायला रस्ता लागतो, नाहीतर अर्ध्या तासात खोलीत नुसता दमटपणा आणि चिडचिड. सगळी काच फिक्स केली तर तो माणूस तुमच्या एलेव्हेशनला भोक पाडेल, तुम्ही कितीही नोटिसा लावा. उघडणारी झडप आधीच द्या, मागच्या बाजूला एसीच्या आउटडोअरसाठी जागा द्या. आपल्याच शहरात किती चकचकीत बिल्डिंगा आहेत ज्यांच्या काचेवर तिसऱ्या वर्षी आउटडोअर लटकून राहिले, मोजत बसा.

उघडणाऱ्या पॅनेलचा दुसरा हिशोब आगीचा आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधे काचेच्या दर्शनी भागाला प्रत्येक मजल्यावर उघडणारी पॅनेलं सांगितली आहेत, एकमेकांपासून दहा मीटरपेक्षा लांब नाही, आकार किमान एक मीटर बाय एक मीटर, त्यावर तसं लिहिलेलं पाहिजे. आणि स्लॅबची कड आणि काच यांच्यातली फट आगरोधक मालानं बंद पाहिजे. ही फट म्हणजे चिमणी असते, खालच्या मजल्याचा धूर त्यातून सरळ वर. परवानगीच्या कागदावर हे असतं, साइटवर मात्र त्या फटीत मी थर्माकोल भरलेला पाहिलाय, वर टेप मारून.

प्रश्न (सीताबर्डी): मेन रोडवर शोरूम आहे, समोरून बिना फ्रेमची, बोल्टच्या पंज्यांवर धरलेली स्पायडरवाली काच लावायची आहे, बारा एमएम टफन. पण शेजारच्याची टफन काच रात्री अडीचला आपोआप फुटली, कॅमेऱ्यात पाहिलं तर कोणी दगड नाही मारला, काही नाही. लोक काहीबाही बोलून राहिले. टफन लावू की नको?

उत्तर: काहीबाही काही नाही, त्यात भूत नसतं, निकेल सल्फाइड असतं. काच बनताना त्याचा बारीकसा कण अडकतो, साखरेच्या दाण्यापेक्षाही लहान. टफन करताना काच तापवून झटक्यात थंड करतात, तेव्हा तो कण त्याच्या गरम अवस्थेतच कोंडला जातो आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षांनी, हळूहळू फुगतो. एक दिवस फाट. तुकडे झाडून फेकायच्या आधी शेजाऱ्यानं पाहिलं असतं तर कदाचित मधोमध दोन जरा मोठे तुकडे एकमेकांना चिकटलेले सापडले असते, फुलपाखराच्या पंखासारखे, त्याच्या सांध्यावर तो कण बसलेला असतो.

यावर उपाय हीट सोक, टफन झालेल्या काचा भट्टीत २६०-२९० अंशांवर काही तास ठेवतात, जिच्यात कण आहे ती तिथंच फुटते, तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही. सर्टिफिकेट मागा. शंभर टक्के खात्री तरीही कोणी देणार नाही म्हणून मी म्हणतो बारा एमएमची एक टफन काच घेण्यापेक्षा सहा-सहाच्या दोन टफन मधे पीव्हीबीची, म्हणजे चिवट प्लास्टिकची, फिल्म घालून लॅमिनेटेड घ्या, किती जाडीच्या ते इंजिनिअरला तुमच्या उंचीप्रमाणे काढू द्या. एक फुटली तरी दुसरी उभी असते आणि रात्री अडीचला तुमचं दुकान उघडं पडत नाही, विमा आणि चोर दोघंही शांत. भोकं टफन करायच्या आधीच पाडलेली असतात, टफन काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, म्हणून माप घेणारा माणूस नीट पाहून घ्या. आणि बोल्ट काचेला थेट टेकता कामा नये, मधे बुश, म्हणजे मऊ कडं, पाहिजे, अर्ध्याहून जास्त "आपोआप" फुटलेल्या काचा मी तर बोल्टपाशीच फुटलेल्या पाहिल्या. कोपऱ्यात सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा, आयएस २५५३ चा, शिक्का आहे का तेही पाहा. आणि हो, डोळ्यांच्या उंचीवर पट्टा किंवा लोगो लावाच, सणाच्या गर्दीत कोणीतरी नाक आपटतंच.

प्रश्न (रामदासपेठ): दादा, आमचं लहानसं हॉटेल आहे, मधे साधारण तीस बाय चाळीस फुटांचा मोकळा चौक आहे, तिथं वरून काच टाकून रेस्टॉरंट करायचं मनात आहे. कोणी म्हणतं ग्लास रूफ, कोणी म्हणतं पॉलिकार्बोनेट शीट टाका, स्वस्त आणि हलकं. पावसाळ्याआधी करायचं आहे. काय करू?

उत्तर: ताई, आधी एक विचारतो, मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या चौकात उभ्या राहून पाहा किती वेळ राहवतं. हे २०१३ च्या मेमधे ४७.९ पाहिलेलं गाव आहे. २०२४ मधे तर एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ दाखवले होते, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडलेला होता असं सांगितलं, पण तोवर अर्ध्या शहरानं मान डोलावून विश्वास ठेवला होता, यातच सगळं आलं. भर दुपारी आडव्या छपरावर दर चौरस मीटरला साडेनऊशे-हजार वॅट ऊन पडतं, पश्चिमेच्या भिंतीच्या दीडपट. तुमच्या बाराशे चौरस फुटांवर पूर्ण काच टाकली तर चांगलं ०.३ चं कोटिंग लावूनही नऊ टनांच्या आसपास उष्णता नुसती उन्हाची. वर सांगितलेल्या कोडमधेही स्कायलाइट छपराच्या ५ टक्क्यांच्या वर नको असंच आहे.

म्हणून माझं मत वेगळं आहे, छप्पर काचेचं करूच नका, छपराची बाजू काचेची करा. चौकावर पक्कं, इन्सुलेशनवालं छप्पर टाका, ते चार-पाच फूट वर उचला आणि ही जी उभी पट्टी तयार होते तिच्यात काच लावा, उत्तरेला जास्त, पश्चिमेला अजिबात नाही. वरून छप्पर दोन फूट बाहेर काढा. उजेड भरपूर येतो, आभाळाचा तुकडा दिसतो, आणि त्या पट्टीत वर तिरप्या पट्ट्यांचे लूव्हर ठेवले की तंदूरची गरम हवा आपोआप निघून जाते. उभी काच गळते कमी, धुता येते, आणि गारपिटीला तिचा चेहरा दिसत नाही.

तरीही वरून काच पाहिजेच असेल, कारण हॉटेलात शेवटी लोक वर पाहूनच फोटो काढतात, तर छोटा तुकडा करा, दहा बाय दहा. आणि तिथं डोक्यावरची काच लॅमिनेटेडच, याला दुसरा पर्याय नाही. डबल असेल तर वरची टफन चालते, खालची लॅमिनेटेड पाहिजे. त्यातही लॅमिनेटच्या दोन्ही काचा टफन घेऊ नका, हीट स्ट्रेंदन्ड घ्या. दोन्ही टफन एकदम फुटल्या तर बारीक-बारीक दाणे होतात आणि पूर्ण शीट ओल्या गोधडीसारखी लोंबून चौकटीतून सुटते. हीट स्ट्रेंदन्ड मोठ्या तुकड्यांत तडकते, ते तुकडे फिल्मला चिकटून एकमेकांना अडकून राहतात, तेवढ्यात तुम्ही टेबलं हलवू शकता. वजन पण सांगतो, काचेचं वजन एका एमएमला चौरस मीटरमागे अडीच किलो, तर वर सहा, खाली पाच-पाच असं युनिट ४० किलोच्या पुढे जातं. लोखंडाच्या माणसाला हे आधी सांगा, तो शीटचा हिशोब धरून बारीक पाइप आणेल.

पॉलिकार्बोनेट वाईट नाही, हलकं आहे, दहा एमएमचं पोकळ शीट चौरस मीटरला दोन किलोच्याही आत, गारेनं फुटत नाही लवकर. पण ते वाढतं-आकसतं फार. जानेवारीची पहाट १० अंश आणि मेच्या उन्हात तापलेलं शीट ७० अंश धरलं तर तीन मीटरची काच जेमतेम दीड एमएम हलते, ॲल्युमिनियमचा सेक्शन चार एमएम, आणि पॉलिकार्बोनेट जवळपास बारा एमएम. तुमचा फॅब्रिकेटर त्याला स्क्रूनं घट्ट आवळतो आणि मग रात्री छप्पर कडाडतं, लोक म्हणतात वर माकड आलं. सेमिनरी हिल्सकडे ते खरंही असतं म्हणा. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं, वर रबर वॉशर. पोकळ नळ्या उताराच्या दिशेनं, वरचं टोक टेपनं पूर्ण बंद, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची टेप, नाहीतर आत शेवाळ येतं हिरवं, ते कोणी काढू शकत नाही. आणि उन्हातले यूव्ही किरण अडवणारा थर एकाच बाजूला असतो, कोणती बाजू आभाळाकडे ते वरच्या प्लास्टिकवर छापलेलं असतं. एका हॉलमधे मी जेवायला बसलो होतो आणि वर पाहिलं तर ती छापील अक्षरं खाली माझ्याकडे पाहून राहिली होती. चौथ्या वर्षी तो हॉल हळदीच्या रंगाचा झाला. पावसाचा आवाज पण ढोल वाजवल्यासारखा येतो, रेस्टॉरंटला तो चालेल की नाही तुम्ही ठरवा.

आता माझ्या चुकीचं. सुरुवातीच्या दिवसांत एका रिसेप्शनवर मी स्कायलाइट केला, आर्किटेक्टला तो बाहेरून दिसायला नको होता म्हणून उतार जवळजवळ नाहीच ठेवला, दोन अंश असेल. कागदावर पाणी जाताना दिसत होतं. पण काच स्वतःच्या वजनानं मधे किंचित खाली बसते आणि कडेला बीडिंगची पट्टी वर आलेली असते, तर पाणी तिथं थांबलं, त्यात धूळ बसली, तिचा चिखल झाला, चिखलानं रबर सोडलं, आणि जुलैमधे रिसेप्शनच्या रजिस्टरवर थेंब. माझ्या खिशातून सगळं उचकटून दहा अंशांवर केलं. तेव्हापासून दहाच्या खाली मी सही करत नाही, आणि खालच्या कडेला बीडिंगची उंच पट्टी ठेवत नाही, पाणी सरळ वाहून गेलं पाहिजे. वर जायला शिडी आणि दोर बांधायला हूक पण आधीच करून घ्या. पावसाळ्याआधी करायचं म्हणता, तर मोजमापापासून काच येईपर्यंतच महिना-दीड महिना जाऊ शकतो, उगाच अर्धवट उघडं ठेवून बसू नका, दिवाळीपर्यंत थांबलात तरी गिऱ्हाईक पळून जात नाही.

प्रश्न (आर्किटेक्चरचा विद्यार्थी): सर, दर्शनी काच बसवायची स्टिक सिस्टिम आणि युनिटाइज्ड यात नागपूरसाठी कोणती चांगली?

उत्तर: बेटा, गावाप्रमाणे नाही, उंची आणि घाईप्रमाणे ठरतं. स्टिकमधे सेक्शन साइटवर एकेक जोडतात, चार-सहा मजल्यांना पुरतं, स्वस्त पडतं, पण सगळा दर्जा परांचीवरच्या माणसाच्या हातात, आणि मेच्या दुपारी ४५ अंशांत तो माणूस सिलिकॉनचा जॉइंट किती प्रेमानं भरेल तूच सांग. युनिटाइज्डमधे पूर्ण पॅनेल कारखान्यात काचेसकट तयार होऊन येतं, उंच आणि एकसारख्या बिल्डिंगला बरं. एखाद्या साइटवर जाऊन दोन दिवस बस, पुस्तकातून हे कळत नाही.

प्रश्न (सदर): आमच्या कमर्शियल सोसायटीची काच नऊ वर्षांची झाली. दर पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर गळते. तीनदा सिलिकॉन मारून घेतलं, दर वेळी पैसे जातात, आता जास्तच गळते. मी सेक्रेटरी आहे, सगळे मलाच बोलतात.

उत्तर: काका, तीनदा मारलं म्हणूनच जास्त गळून राहिलं. ॲल्युमिनियमच्या सेक्शनमधे थोडं पाणी शिरणार हे धरूनच डिझाइन असतं, ते बाहेर जायला खाली बारीक खाचा ठेवलेल्या असतात. दोरावर लटकलेला माणूस येतो, त्याला जे भोक दिसेल ते तो मन लावून बंद करतो, आणि त्यात ह्या खाचाही जातात. मग पाणी आत कोंडतं आणि आतल्या बाजूनं रस्ता काढतं. शिवाय तिसऱ्या मजल्यावर दिसतं म्हणजे तिथूनच शिरतं असं नाही, उभ्या सेक्शनच्या पोटातून दोन मजले उतरूनही येतं.

आधी खाचा मोकळ्या करा. मग पाइप लावून तपासा, खालून वर, एका वेळी एकच जॉइंट, पाच मिनिटं पाणी, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. जो जॉइंट सापडेल त्यातलं जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं, जुन्यावर नवीन मारलं तर ते धुळीला चिकटतं, काचेला नाही. आणि सिलिकॉनचा वास घेऊन पाहा. लोणच्याच्या बरणीसारखा आंबट आला तर परत पाठवा, ते बाथरूमच्या आरशाला ठीक, डबल काचेच्या आणि लॅमिनेटच्या कडा त्यानं खराब होतात. न्यूट्रल मागायचं.

एक गोष्ट मात्र उद्याच करा. बाहेरून फ्रेम दिसत नसेल, नुसत्या काचाच काचा, तर ती काच सिलिकॉननंच चिकटवलेली आहे, ते स्ट्रक्चरल सिलिकॉन वेगळं आणि पाणी अडवायचं वेगळं. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मधे, नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, त्याचा दाब चौरस मीटरला ११५-१२० किलोच्या घरात जातो, म्हणजे चार बाय सहा फुटांच्या एका काचेला वावटळीत अडीचशे किलोंची ओढ, कोपऱ्यावर त्याहून जास्त. ही ओढ ते स्ट्रक्चरल सिलिकॉन धरतं. आतल्या बाजूनं नखानं कड सुटत असेल, रबरासारखी पट्टी हातात येत असेल, तर सिलिकॉनवाल्याला नाही, इंजिनिअरला बोलवा आणि तोवर खालचा फुटपाथ दोरीनं बंद करा. डबल काचेच्या आत वाफ धरली असेल तर त्याला दुरुस्ती नाही, सील गेलं, ते युनिट बदलायचं.

प्रश्न (हिंगणा एमआयडीसी): शेडमधे उजेडासाठी छपरात मधे-मधे पारदर्शक पत्रे टाकायचे आहेत. उत्तरेकडून उजेड घेतला तर ऊन येत नाही म्हणतात, खरं का?

उत्तर: बरंचसं खरं. जुन्या कापड गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं त्याचसाठी होती. पण आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत, २६ मेच्या सुमारास भर दुपारी नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो, म्हणून उत्तरेच्या काचेलाही फूटभर छज्जा द्या. सपाट पत्र्यातच पाहिजे असेल तर दुधी घ्या, पूर्ण पारदर्शक नको, मशीनवर चट्टे पडतात. त्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही हे लाल रंगानं लिहा आणि खालून जाळी बांधा, धूळ बसली की वरून तो पत्रा आणि बाजूचा पत्रा एकसारखे दिसतात आणि सफाईला चढलेला पोरगा सरळ खाली येतो.

प्रश्न (मानकापूर): नवीन काच आहे, बिल्डिंग अजून ताब्यातही आली नाही, पण काचेवर पांढरे डाग पडलेत, कितीही पुसले तरी जात नाहीत. काचच खराब आली का?

उत्तर: काच चांगली आली असेल, तुमच्या प्लास्टरवाल्यानं खराब केली. वरून सिमेंटचं पाणी ओघळलं, वाळलं, पुसलं नाही, सिमेंट अल्कली असतं, ते काचेला खातं. बोअरच्या जड पाण्याचे डाग असतील तर पातळ व्हिनेगरनं निघतात, आधी एका कोपऱ्यात करून पाहा आणि सिलिकॉनवर सांडू देऊ नका. टॉयलेटचं ॲसिड लावू नका, कितीही कोणी सांगितलं तरी. नख फिरवल्यावर डाग खडबडीत लागला आणि व्हिनेगरनं हलला नाही, तर काच खाल्ली गेली, पॉलिश करून थोडं कमी होतं पण उन्हात तिरकं पाहिलं की दिसतंच. ताबा घ्यायच्या आधी सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक काच पाहा, फोटो काढा, यादी करा आणि बिल्डरकडून सही घ्या, ताबा घेतल्यावर ते डाग तुमचे.